मानेवरचा गोचीड

स्नेहलताच्या काळजीची घरात चेष्टा व्हायची. शेगावातल्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची, आणि सहलीच्या बसमध्ये पोरं तीन-तीनदा मोजणारी बाई म्हणून शाळेतही तिचं नाव झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात मुलीचं, गार्गीचं, दोन दिवस डोकं दुखलं, तर हिने तिला थेट अकोल्याला नेऊन डोक्याचं स्कॅन करवून घेतलं. निघालं काय, तर चष्म्याचा नंबर वाढलेला. तेव्हापासून तिचे यजमान लक्ष्मीकांत घरात कुणी शिंकलं तरी विचारायचे, "अकोल्याची गाडी किती वाजता आहे?" ते नगरपालिकेत कारकून होते, आणि एकच विनोद वर्षभर पुरवून वापरायची त्यांना सवय होती.

अशा बाईची मुलगी डोंगराचे कडे चढायला लागली.

गार्गी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात प्रेरणा नावाची बुलढाण्याची प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा यायची आणि तिथल्या कृत्रिम भिंतीवर मुलांना चढणं शिकवायची. स्नेहलताने महिनाभर नाही नाही म्हणून पाहिलं. मग तिने कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट केली. ती स्वतःच प्रेरणाकडे गेली आणि म्हणाली, मला दोर धरायला शिकव.

चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वर कड्यावर पक्क्या केलेल्या कडीतून फिरून खाली येतो आणि खालच्या माणसाच्या कमरेला लावलेल्या एका लहान यंत्रातून जातो. चढणारा वर सरकेल तसा खालच्याने दोर खेचत राहायचा, आणि तो घसरलाच तर आवळून धरायचा. काम एवढंच, पण उजवा हात दोरावरून पळभरही सुटता कामा नये. प्रेरणाने दोन महिने वाळूची पोती वरून सोडून सोडून तिची परीक्षा घेतली. सेहेचाळिसाव्या वर्षी तळहाताला घट्टे पडले, पण स्नेहलताला बरं वाटलं. मुलगी पन्नास फुटांवर लटकलेली असताना दोर दुसऱ्या कुणाच्या हातात, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

कोजागिरीनंतरच्या रविवारी आठ जणांची ही टोळी वनखात्याची परवानगी काढून सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. वरवट बकाल मागे टाकलं, संग्रामपूर गेलं आणि मग कपाशीची शेतं संपून दगडांचा चढ लागला. कडा फार उंच नव्हता, पण सरळ होता. त्याच्या पायथ्याशी गवत गुडघाभर वाढून पिवळं पडायला लागलं होतं. गुरं-बकऱ्या दुपारी तिथेच सावलीला बसत असणार, कारण जागोजाग लेंड्या पडल्या होत्या.

प्रेरणाने तिथेच सगळ्यांना थांबवून बजावलं. या गवतात गोचीड असतात. पँटचे पाय मोज्यात खोवा, गवतात लोळू नका, आणि घरी गेल्यावर अंग नीट तपासा. कानामागे, काखेत, केसांत, कमरेला, जिथे जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, रॉकेल लावायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही आणि नखाने चिरडायचा तर मुळीच नाही. मुलांनी मान हलवली. स्नेहलताने मोजे पार पोटऱ्यांपर्यंत ओढून घेतले.

गार्गीची पाळी तिसरी होती. अर्ध्या कड्यावर एक फुगीर दगड बाहेर आला होता. त्याला वळसा घालताना पाय कुठे ठेवायचा हे तिला दिसेना. ती चाचपडत होती आणि खाली स्नेहलता मान वर करून इंच-इंच दोर खेचत होती. तेवढ्यात तिला मानेवर काहीतरी सरकताना जाणवलं. कॉलरपासून वर, केसांच्या मुळांकडे, हळूहळू.

डावा हात दोर खेचण्यात गुंतलेला. उजवा तर सोडायचाच नाही. तिने खांदा वर करून मान घासली, तरी ते चालतच राहिलं. एवढंसं काहीतरी, पण तिचं सगळं अंग त्या एका ठिकाणी गोळा झालं.

बाजूला ऋत्विक उभा होता. हा गार्गीच्या वर्गातला, वडनेर भोलजीचा. घरी भाजीपाल्याची शेती, दारात बैलजोडी. नुकताच तो चढून उतरला होता आणि दगडाने सोललेली बोटं फुंकत होता. स्नेहलताने वरची नजर न काढता त्याला म्हटलं, "ऋत्विक, माझ्या मानेवर काय आहे रे, बघ बरं."

"गोचीड हाय काकू. हलू नका." त्याने तो बोटांच्या चिमटीत उचलला. "चावला नाई अजून."

आणि त्याने तो दोन नखांमध्ये धरून चिरडला. बारीकसा आवाज झाला. "आमच्या बैलाले रोज काढतो मी," तो म्हणाला आणि बोटं पँटला पुसली.

त्याच क्षणी वरून "आई" असा आवाज आला आणि गार्गी सुटली. दोराला हिसका बसला, स्नेहलता दोन पावलं पुढे ओढली गेली, पण उजवा हात आपोआप खाली गेला होता. दोर धरला गेला. गार्गी चार-पाच फूट घसरून हवेत झुलत राहिली. तिला काही झालं नव्हतं. ती हसत होती. प्रेरणाने स्नेहलताची पाठ थोपटली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या गडबडीत गोचिडाचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

घरी आल्यावर स्नेहलताने स्वतःचे केस गार्गीकडून विंचरून तपासून घेतले. मग तिचं अंग बघायला गेली, तर गार्गीने टॉवेल गुंडाळून घेतला.

"आई, मी पाह्यलं ना अंघोळ करताना. काऊन मागे लागून राह्यली?"

एकोणीस वर्षांच्या मुलीला किती धरणार.

पुढच्या मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, गार्गीला ताप भरला. साधासुधा नाही, एकशे तीन. डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंग मोडून आल्यासारखं. गावात त्या दिवसांत तापाची साथ होतीच. लक्ष्मीकांत म्हणाले, हवा बदलली आहे, दोन दिवसांत उतरेल. स्नेहलतालाही तसंच वाटावं असं वाटत होतं. तिने गोळ्या दिल्या, कपाळावर घड्या ठेवल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शुक्रवारी सकाळी गार्गी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देत होती. तेव्हा मात्र लक्ष्मीकांतांनीच रिक्षा बोलावली.

दवाखाना तीन गल्ल्या सोडून होता. डॉक्टर धम्मरत्न वानखडे तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी रक्त तपासलं. पेशी कमी झालेल्या, डेंग्यू नाही, मलेरिया नाही. सलाईन लावली आणि म्हणाले, विषाणूचा ताप दिसतो, चोवीस तास पाहू.

स्नेहलता पलंगाशी बसून राहिली. तिच्या मनात सकाळपासून एक गोष्ट होती आणि ती तोंडातून निघत नव्हती. ते गवत, त्या लेंड्या, मानेवरून चढत जाणारं ते बारीक काहीतरी. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरगावी कुठे गेला होतात का, तेव्हा लक्ष्मीकांतांनीच सांगून टाकलं, नाही, कुठे नाही, दोन आठवड्यांमागे एक सहल झाली तेवढीच. आणि ती गप्प राहिली. डोकेदुखीसाठी अकोल्याला पळणारी बाई आता गोचीड-गोचीड करायला लागली, असं लक्ष्मीकांतांना वाटेल. तिला स्वतःलाही खात्री नव्हती. काळजीची इतकी सवय झाली होती की कुठली खरी आणि कुठली नेहमीची, हे तिला आतून ओळखताच येईना. दरवेळी छातीत असंच धडधडायचं, आणि दरवेळी निघायचं काहीच नाही.

दुपारी परिचारिकेने गार्गीला कूस वळवायला मदत मागितली. घामाने कुर्ता पाठीला चिकटला होता. स्नेहलता तो बदलायला लागली आणि तिचा हात थांबला. कमरेच्या मागे, डाव्या बाजूला, जिथे चढताना पट्टा आवळलेला असतो तिथे, काळी खपली होती. डाळीच्या दाण्याएवढी. भोवताली लालसर कडं.

"हे कधीपासून?"

"पट्टा घासला असेल," गार्गी डोळे न उघडता म्हणाली. "दुखत नाई."

दुखत नाही, हे ऐकून स्नेहलता खपलीवर आणखी वाकली. घासलेलं दुखायला पाहिजे होतं. तिने गार्गीचे तळहात उघडून पाहिले. त्यावर फिके लाल ठिपके होते. तळपायांवरही.

ती उठली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर चार पेशंट बसले होते, ती त्यांना ओलांडून आत गेली. लक्ष्मीकांत मागून "अगं, थांब" म्हणत आले.

"डॉक्टर, मी फार काळजी करते, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "यांनाही विचारा. पण माझं एवढं ऐकून घ्या, मग हवं तर हसा. आम्ही जिथे गेलो होतो तिथे गोचीड होते. माझ्या मानेवर एक सापडला होता. आणि हिच्या कमरेला काळी खपली आहे."

डॉक्टर हसले नाहीत. ते उठून तिच्याबरोबर आले, खपली पाहिली, तळहात पाहिले. मग म्हणाले, "हे सकाळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी समजावून सांगितलं. गोचिडांपासून माणसाला होणारा एक ताप आहे. पक्क्या निदानाची तपासणी बाहेर पाठवावी लागते, अहवाल यायला दिवस जातात, पण तोवर औषध अडवून ठेवायचं नसतं. औषध साधंच, जुनं, पण वेळेवर पोटात गेलं पाहिजे. पहिली कॅप्सूल त्यांनी स्वतः समोर उभं राहून गार्गीला गिळायला लावली.

लक्ष्मीकांत खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "सहल तेवढीच, असं मीच म्हणालो." दोष वाटून घ्यायला स्नेहलताला वेळ नव्हता, कारण बाहेर पडता पडता डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, तुमच्या गटात आणखी कुणाला ताप आहे का?

तिने प्रेरणाला फोन लावला. प्रेरणाने बाकीच्यांना विचारून अर्ध्या तासात उलट फोन केला. तिच्यासकट पाच जण ठणठणीत होते. ऋत्विकचा फोन बंद लागत होता.

तेव्हा तिला ते आठवलं. दोन नखं, बारीकसा आवाज, सोललेली बोटं.

ऋत्विकच्या वडिलांचा नंबर कॉलेजातून मिळाला. शेषराव फोनवर मोठ्याने बोलत होते, जसं शेतातून बोलतात. पोराले बुधवारपासून ताप हाय, गावातल्या डॉक्टरानं सुया देल्या, आता पडून हाय, काल तर बरळून राह्यला होता. स्नेहलताने सांगितलं, त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, हा गोचिडाचा ताप असू शकतो. शेषराव म्हणाले, "गोचिडानं माणसाले कुठं ताप येते बाई? आमचं आयुष्य गेलं त्यायच्यात." आणि उद्या पाहतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गार्गीचा ताप अजून तसाच होता. स्नेहलता पलंगाच्या कडेला उभी राहिली. सोडून जावं असं वाटेना आणि बसून राहवेना. शेवटी लक्ष्मीकांतच म्हणाले, "तू जा. मी इथून हलत नाही. दर अर्ध्या तासाला ताप मोजून तुला कळवतो."

नांदुऱ्यापर्यंत तिला एसटी मिळाली आणि पुढे वडनेर भोलजीपर्यंत एक जीप. दर अर्ध्या तासाला फोन वाजत होता. एकशे तीन. एकशे तीन. एकशे दोन पूर्णांक आठ.

ऋत्विकच्या घरी अंगणात वांग्यांचे कॅरेट रचलेले होते. त्याची आई विमलबाई दारातच भेटली, डोळे सुजलेले. आत खाटेवर ऋत्विक पडला होता. त्याने स्नेहलताकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. तळहातांवर तेच ठिपके, गार्गीपेक्षा गडद.

विमलबाईंनी तिला बसही म्हटलं नाही. "तुमच्या त्या दोरीच्या खेळात गेलता माहा पोरगा," त्या म्हणाल्या. "मी नाई म्हनत होती."

"हो," स्नेहलता म्हणाली. ती खाली, खाटेशेजारी फरशीवर बसली. वाटेत तिने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता तिला सापडेना. "विमलताई, गोचीड माझ्या मानेवर होता. माझे हात दोरात गुंतले होते म्हणून मी ऋत्विकला काढायला सांगितलं. त्याने तो नखांनी चिरडला. त्याची बोटं सोललेली होती. मी तेव्हाच त्याला हात धुवायला लावायला पाहिजे होतं. माझी मुलगी तेव्हा वरून पडली आणि मी विसरून गेले. माझी मुलगीही अशीच पडून आहे. तिला औषध सुरू झालंय. याला अजून झालं नाही."

विमलबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. स्नेहलताला वाटलं, आता या बोलतील ते ऐकून घ्यायचं. पण त्या खाटेशी वाकल्या, पोराचा हात उचलून उजेडात धरला आणि बोटांच्या टोकांकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अवो, गाडी काढा. वांगे उतरवा खाली."

शेषराव काहीतरी म्हणायला गेले. "काढा म्हनलं ना," एवढंच त्या म्हणाल्या.

भाजी बाजारात नेण्याची पिकअप होती. कॅरेट भराभर उतरले, तळाला पोती अंथरली, वर गोधडी टाकली. ऋत्विकला झोपवून दोघी दोन बाजूंनी बसल्या. स्नेहलताने डॉक्टर वानखडेंना फोन केला. त्यांनी मुलाची अवस्था ऐकली आणि शेगावला थांबू नका, थेट अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या, मी तिथे बोलून ठेवतो, असं सांगितलं. गाडी हायवेला लागली. वाऱ्याने गोधडी उडत होती, ती दोघींनी दोन टोकांना धरून ठेवली. बाळापूरच्या अलीकडे ऋत्विकने एकदा उलटी केली. विमलबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच स्नेहलताला विचारलं, "तुमची पोरगी एकटीच हाय का दवाखान्यात?"

"नाही. तिचे बाबा आहेत."

"मंग तुमी काऊन आल्या?"

स्नेहलताने हातातून सुटत आलेलं गोधडीचं टोक पुन्हा घट्ट धरलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी ऋत्विकला लगेच आत घेतलं. मूत्रपिंडावर ताण आला होता, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं ते म्हणाले. गोचीड नेमका कोणता, चिरडलेला की आणखी कुठला चावलेला, हे आता कुणीच सांगू शकत नाही, असंही म्हणाले. ते स्नेहलताने ऐकलं, पण तिला त्यातून फारसा दिलासा मिळाला नाही.

गार्गीचा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला तो पुन्हा चढला नाही. रविवारी सकाळी तिने मऊ भात मागितला, दोन घास खाल्ले आणि हे किती अळणी आहे म्हणून कुरकुर केली. लक्ष्मीकांतांनी स्वतः घरी जाऊन लोणचं आणलं. स्नेहलता दवाखान्याच्या नळावर वाटी धुवायला गेली आणि तिथेच, नळ सुरू ठेवून, बराच वेळ उभी राहिली.

ऋत्विकला जास्त दिवस लागले. पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. स्नेहलता शाळा सुटली की बस धरून अकोल्याला जायची, विमलबाईंसाठी भाकरी-भाजीचा डबा न्यायची. त्या दोघी बाकावर शेजारी बसायच्या. चौथ्या दिवशी विमलबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी तोडून स्नेहलतापुढे केली आणि खा म्हणाल्या. बाराव्या दिवशी ऋत्विक घरी गेला. तापात त्याच्या डाव्या कानाला ऐकू यायचं कमी झालं होतं. सुधारेल कदाचित, सहा महिने पाहू, असं डॉक्टर म्हणाले.

प्रेरणाने त्या हिवाळ्यात चढाया थांबवल्या. पुढे सुरू करू तेव्हा संध्याकाळी जोडीजोडीने अंग तपासल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही, असं तिने ठरवलं. गार्गी पुन्हा जाणार का, यावर घरात बोलणं झालं नव्हतं. स्नेहलताने विषय काढला नाही, गार्गीनेही नाही. लक्ष्मीकांतांनी अकोल्याच्या गाडीचा विनोद मात्र बंद केला. गार्गीला आता खोकला आला तरी ते नुसते तिच्याकडे पाहायचे आणि पाणी आणून द्यायचे.

जानेवारीत एका दुपारी ऋत्विक घरी आला. विमलबाईंनी पिशवीभर वांगी आणि मेथी पाठवली होती. बारीक झाला होता, पण रंग परत आला होता. तो जरा मोठ्यानेच बोलत होता आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं. स्नेहलताने त्याचे दोन्ही हात धरून बोटं पाहिली, तसा तो लाजला. बैलांना आता फवारणी करतात आणि गोठ्यात जाताना आई हातमोजे घालायला लावते, असं त्याने सांगितलं.

मग तो बैठकीतल्या सोफ्यावर बसला. स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन गार्गी आली. त्याच्या डावीकडची खुर्ची दाराजवळ, रिकामी होती. ती सोफ्याला वळसा घालून गेली, आणि त्याच्या उजव्या बाजूला बसली.